शाळेच्या अभ्यासासाठी लॅपटॉप: खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे

दहावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: पोरासाठी लॅपटॉप कोणता घ्यायचा? राजेंद्र नगर असो, सुदामा नगर असो की रामबाग, पद्धत ठरलेली. पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या एखाद्या चुलतभावाला फोन जातो. तो मीटिंगच्या गडबडीत सांगतो, "आय५ घ्या काका, डोळे मिटून." मग काका-काकू मुलाला घेऊन आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जातात. दुकानदार काउंटरवर चार लॅपटॉप उघडून ठेवतो. चारही आय५ प्रोसेसरचे, आणि पहिल्या-शेवटच्या किमतीत वीस-पंचवीस हजारांचा फरक. "भिया, सब आय-फाइव ही है," तो म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

त्या चार मशिनींत फरक कशाचा, हे कळलं की निम्मं काम झालं. मी अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते, आणि दरवर्षी नव्या मुलांबरोबर नवे लॅपटॉपही बघते. माझं मत आधीच सांगून टाकते. शाळेच्या कामात लॅपटॉप प्रोसेसरपायी क्वचित अडतो. तो अडतो रॅम कमी पडली म्हणून, डिस्क संथ आहे म्हणून, नाहीतर स्क्रीन तासभरही बघवत नाही म्हणून. आपले पैसे मात्र जातात प्रोसेसरच्या नावावर, कारण स्टिकर त्याचंच चिकटवलेलं असतं.

आधी काम बघा

शाळेतली मुलं कॉम्प्युटरवर नेमकं करतात काय? सीबीएसईत नववी-दहावीला इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी किंवा आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे विषय असतात. अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, इन्फर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस घेतलं तर पायथनचीच पांडाज लायब्ररी. बाकी मग प्रोजेक्टची पीपीटी, पीडीएफ पुस्तकं, रेकॉर्ड केलेली लेक्चरं, अधूनमधून ऑनलाइन क्लास. यातलं एकही काम सुटं घेतलं तर जड नाही. शाळेत लिहायला लावतात तसले पायथनचे प्रोग्रॅम दहा वर्षं जुन्या मशिनीवरही धावतात. जड होतं ते हे सगळं एकदम उघडं असतं तेव्हा, आणि मुलं सगळं एकदमच उघडतात. एकीकडे मीटिंग, शेजारी पीडीएफ, मागे ब्राउझरच्या वीस टॅब, त्यातल्या एकीवर क्रिकेटचा स्कोअर. आपल्याला यंत्र या गर्दीसाठी घ्यायचं आहे.

दुसरं म्हणजे बहुतेक शाळांत मुलं रोज लॅपटॉप नेत नाहीत. तो घरच्या टेबलावर राहतो, फार तर भंवरकुआच्या कोचिंगला जातो. त्यामुळे वजनाचा विचार शाळेपुरता फारसा करू नका. पण हाच लॅपटॉप पुढे कॉलेजला, कदाचित हॉस्टेलला जाणार असेल, तर दीड किलो आणि सव्वादोन किलो यांतला फरक पाठीला रोज कळतो.

आणि मूल सहावी-सातवीत असेल तर स्वतंत्र लॅपटॉपची घाई करू नका. घरातला जुना कॉम्प्युटर किंवा आईबाबांच्या मशिनीवर वेगळं अकाउंट, एवढ्यावर मजेत भागतं.

रॅम आणि डिस्क

या दोघांत लोकांचा कायम गोंधळ होतो, कारण दोन्ही जीबीतच मोजतात. डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे ओटा. कोठीत सामान कितीही भरलेलं असो, एका वेळी स्वैपाक ओट्यावर मावेल तेवढाच होतो. "इसमें ५१२ जीबी है" असं दुकानदार सांगतो तेव्हा तो डिस्कबद्दल बोलत असतो. रॅम किती, हे वेगळं विचारावं लागतं.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क सांगितली आहे. हा 'किमान' शब्द नीट वाचायला हवा. एवढ्यात विंडोज सुरू होईल, इतकीच त्याची हमी. सुरू झाल्या झाल्या विंडोज आणि त्याची पडद्यामागची कामं मिळून तीनेक जीबी खाऊन टाकतात. उरलेल्या जागेत ब्राउझर मावत नाही. मग विंडोज रॅममधला काही मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतं, लागला की परत उचलतं, आणि त्या जागी दुसरं काही उतरवतं. ही ने-आण चालू झाली की बाण फिरत राहतो, अक्षरं टाइप केल्यावर दोन सेकंदांनी उमटतात, आणि मूल वैतागून मोबाइल हातात घेतं.

हे दुकानातच बघता येतं, त्यासाठी कुणा जाणकाराला बरोबर न्यायची गरज नाही. मांडलेल्या मशिनीवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, आणि मग मेमरी. आता ब्राउझरमध्ये आठ-दहा पानं उघडा, त्यात यूट्यूबचा एक व्हिडिओ असू द्या, आणि परत येऊन आलेख बघा. ४ जीबीच्या मशिनीत तो वरच्या रेघेला जवळजवळ टेकलेला दिसेल. ८ जीबीच्या मशिनीत बऱ्यापैकी मोकळी जागा दिसेल, १६ च्या मशिनीत निम्म्याहून जास्त.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत 'फॉर्म फॅक्टर' अशी एक ओळ असते. ती वाचल्याशिवाय दुकानातून हलू नका. तिथे 'सोडिम' लिहिलं असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलांत थोडी रॅम बोर्डावर आणि शिवाय एक मोकळा स्लॉट, अशीही सोय असते. तेवढं दुकानदाराला विचारून घ्या. जिथे स्लॉट नाही तिथे आज जेवढी रॅम घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

माझा हिशोब सरळ आहे. नववी-दहावीच्या मुलासाठी ८ जीबीच्या खाली उतरू नका, आणि ८ घेत असाल तर पुढे वाढवता येईल असंच मॉडेल घ्या. रॅम सोल्डर केलेली असेल आणि लॅपटॉप कॉलेजपर्यंत चालवायचा असेल, तर १६ च घ्या. '४ जीबी घेऊ, पुढे बघू' हा विचार महागात पडतो, विशेषतः आता, कारण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत.

आता डिस्क. बाजारात तीन प्रकार दिसतात. जुनी फिरती हार्ड डिस्क, तिच्यात खरोखरची तबकडी गरगर फिरत असते. दुसरी ईएमएमसी, म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते तसली बोर्डावर बसवलेली चिप. आणि तिसरी एसएसडी. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, ईएमएमसी अडीचशे-तीनशे, सॅटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई एसएसडी दोन-तीन हजार किंवा त्याहूनही पुढे. पण खरा फरक या आकड्यांपेक्षा छोट्या फाइलींत आहे. विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइली वाचतं. फिरत्या डिस्कला प्रत्येक फाइलीसाठी सुई इकडून तिकडे हलवावी लागते. एसएसडीत हलणारं काही नसतंच. म्हणून तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम, पण हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की जुनं मशीन ओळखू येत नाही.

तेव्हा १ टीबी हार्ड डिस्क आणि ५१२ जीबी एसएसडी यांत निवडायचं असेल तर विचारच करू नका, एसएसडी घ्या. शाळेच्या कामाला २५६ सुद्धा पुरते. ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसीचं मशीन मात्र मी कुणालाच सुचवत नाही. विंडोजचे मोठे अपडेट आले की जागेसाठी त्याचा जीव जातो, आणि ती चिप बदलताही येत नाही.

एक खुलासा, कारण यावरून दुकानात भांडणं होतात. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. कुणी ३६ जीबी चोरलेली नसते. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे १०७ कोटींहून थोडे जास्त बाइट झाले की एक जीबी. मोजमाप वेगळं, माल तेवढाच. २५६ ची डिस्क याच हिशोबानं २३८ दिसते.

प्रोसेसरचं नाव कसं वाचायचं

आय३, आय५, आय७ हे इंटेल कंपनीच्या एकाच वर्षातल्या भावंडांतलं मोठं-धाकटं सांगतात. वर्ष बदललं की ती तुलना फसते. म्हणून 'आय५' वर थांबू नका, त्यापुढचा आकडा वाचा. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, ती २०१७ ची. आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी, आय५-१२३५यू म्हणजे बारावी. पाच वर्षांत इतकं पाणी वाहून गेलं आहे, की २०२२ चा आय३-१२१५यू हा त्या २०१७ च्या आय५ ला सहज मागे टाकतो. सुरुवातीला सांगितलेल्या चार 'आय५' मशिनींचं कोडं इथं बरंचसं उलगडतं.

शेवटचं अक्षरही बोलकं असतं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, शाळेच्या कामाला तोच हवा. एच म्हणजे ताकदवान, पण गरम होणारा आणि बॅटरी पिणारा. गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगची मशिनं या वर्गातली. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलनं नव्या मालिकांच्या नावातून 'आय' काढून टाकलं आहे, म्हणून आता कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशीही नावं दिसतील. ती जुन्या आय५ पेक्षा कमी प्रतीची नाहीत, नव्या पिढीची आहेत.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये फसगत आणखी बारीक आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. फरक एका आकड्याचा. पण या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ती मुळात २०१९ ची रचना, आणि त्यात चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर. दोन्हींवर स्टिकर एकच, 'रायझन ५'. माझ्या भाचीनं हा फरक दुकानात उभ्या उभ्या पकडला होता. "मावशी, हा तिसरा आकडा बघ," म्हणाली, आणि किमतीत फार अंतर नव्हतं म्हणून तिनं ७५३०यू घेतला. ७५२०यू वाईट आहे असं नाही, शाळेचं काम त्यावर होतं. पण त्याच्याबरोबर येणारी रॅम सोल्डर केलेली असते, तेव्हा तिथे ८ वर समाधान मानू नका.

सर्वांत स्वस्त थरात सेलेरॉन, पेंटियम, अ‍ॅथलॉन ही नावं येतात. सेलेरॉन आणि पेंटियम ही लॅपटॉपची नावं इंटेलनं २०२३ पासून बंद केली आणि त्यांच्या जागी एन१००, एन२०० असे आकडे आले. पण जुना माल काउंटरवर अजून दिसतो. एन१०० ला ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी जोडलेली असेल तर टायपिंग, पीडीएफ, लेक्चरं एवढं निभतं. ४ जीबी आणि ईएमएमसी यांच्याबरोबर तो असेल तर सोडून द्या.

ग्राफिक्स कार्डाबद्दल मुलं फार आग्रही असतात. अभ्यासासाठी म्हणून ते लागतं असं ती सांगतील. अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमातल्या एकाही गोष्टीला ते लागत नाही. त्रिमितीय डिझाइन, गेम, मोठे व्हिडिओ, हे खरोखर करायचं असेल तर ते उघडपणे बोलून ठरवा, आणि वजन, उष्णता, बॅटरी यांची किंमत मोजायची तयारी ठेवा.

स्क्रीन

चार-पाच वर्षं रोज दोन-तीन तास मूल जिच्याकडे बघणार आहे ती ही वस्तू, आणि खरेदीच्या यादीत हिचं नाव सगळ्यांत शेवटी असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

दोन गोष्टी बघा. पहिली, रेझोल्यूशन १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर पीडीएफचं अर्धं पानही एका वेळी धड दिसत नाही, आणि देवनागरीच्या जोडाक्षरांच्या कडा फाटतात. 'क्ष्म', 'द्ध', 'ष्ट्य' असली अक्षरं लहान आकारात लिहून बघा, दोन स्क्रीनमधला फरक लगेच कळेल. दुसरी गोष्ट, आयपीएस पॅनेल. टीएन पॅनेलची स्क्रीन समोरून ठीक दिसते. ती थोडी मागे-पुढे झुकवा किंवा स्वतः थोडं उभं राहून बघा. रंग उडतात, काळं राखाडी होतं. आयपीएसमध्ये तसं होत नाही. दुकानात पांढरं पान उघडून स्क्रीन हळूहळू मागे झुकवा. एवढी परीक्षा पुरे.

उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. स्वस्त मशिनींत २५० निट्स असतात, घरात पुरतात. मूल खिडकीपाशी किंवा गच्चीच्या खोलीत बसत असेल तर ३०० असलेलं बरं. पडदा चकचकीत नको, मॅट हवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वतःचा चेहराच दिसत राहतो. आकार १४ इंच की १५.६? टेबलावर राहणार असेल तर १५.६, दप्तरातून फिरणार असेल तर १४.

कीबोर्ड बघताना दुकानात प्रत्यक्ष दोन परिच्छेद टाइप करून बघा, नुसती बटणं चाचपू नका. आणि मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आधीपासून आहेत, भाषेच्या सेटिंगमधून मराठी निवडली की येतात. इनस्क्रिप्टमध्ये एन हे बटण ल देतं, आणि शिफ्टबरोबर दाबलं की ळ. आपल्याकडे मुलं शाळेत हिंदी आणि घरी मराठी वाचत वाढतात. आजीला ईमेल लिहिताना 'बाळ' चं 'बाल' होऊ नये, एवढं तरी त्यांना शिकवून ठेवूया.

बॅटरी

खोक्यावर 'दहा तास' लिहिलेलं असतं. ते कुठल्या परिस्थितीत मोजलं, ते लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा बॅटरीचे वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज साठते, ते बघा. साध्या लॅपटॉपात ते ४० ते ५० च्या आसपास असतात. यू वर्गाचं मशीन ब्राउझर आणि व्हिडिओ यांच्या रोजच्या कामात साधारण ७ ते ९ वॉट घेतं. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच तास. हा भागाकार कुठल्याही जाहिरातीपेक्षा सत्याच्या जवळ जातो. चार्जर यूएसबी-सी चा असेल तर उत्तम, कारण तो हरवला किंवा बिघडला तरी दुसरा सहज मिळतो. ४५ किंवा ६५ वॉटचा मात्र हवा, मोबाइलचा साधा चार्जर तिथे पुरा पडत नाही.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात मूल गादीवर लोळत लॅपटॉप चालवतं आणि खालची हवेची जाळी चादरीनं बंद होते. टेबल नसेल तर निदान पाट तरी ठेवा खाली. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. लॅपटॉप घरीच राहणार असेल तर ती पहिल्या दिवशी चालू करा. रंगपंचमीला रंग उधळत गेर ही मिरवणूक निघते, त्या दिवशी राजवाड्याच्या आसपासच्या घरांत गुलाल कुठवर पोचतो हे सांगायला नको. त्या दिवशी खिडकीजवळचा लॅपटॉप कपाटात जाऊ द्या, पंख्यात गेलेली पूड निघता निघत नाही.

विंडोज, क्रोमबुक, लिनक्स

सीबीएसईच्या कॉम्प्युटर विषयांसाठी विंडोज सोपं पडतं, कारण शाळेच्या लॅबमध्ये तेच असतं आणि पायथन-मायएसक्यूएल बसवून द्यायला कुणीही मिळतं. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, स्वस्त, हलकं आणि टिकाऊ असतं, ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामाला छान. पण मायएसक्यूएलसारख्या गोष्टी त्यावर चालवायला वळसे घ्यावे लागतात. नववीच्या आतल्या मुलाला चालेल, अकरावीला मी देणार नाही. मॅकबुक उत्तम यंत्र आहे, पण त्याची रॅम-डिस्क पुढे वाढवता येत नाही, आणि शाळेच्या कामासाठी म्हणून कुणी पोट मारून ते घ्यावं असं त्यात काही नाही.

लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकट सिस्टिम मात्र मनापासून सुचवते, विशेषतः घरात जुनं मशीन पडलेलं असेल तर. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट मशिनं अडगळीत गेली. त्यात एक एसएसडी टाका, उबंटू किंवा मिंट हा लिनक्सचा प्रकार बसवा, पायथन आणि वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस फुकट. दहावीच्या मुलाचं काम त्यावर आरामात होतं.

ऑफिसबद्दलही हेच. वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतात, आणि सीबीएसईच्या ४०२ क्रमांकाच्या इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीच्या पुस्तकात तर लिब्रेऑफिसच आहे. लॅपटॉपबरोबर ऑफिस 'लाइफटाइम' मिळत असेल तर ते पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या अकाउंटवर चालू करून घ्या. त्याला मुदत असते, आणि ती उलटली की हक्काची वस्तू हातची जाते.

पंचवीस हजारांत काय

मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या मुलांच्या खात्यात राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये जमा करतं. सीबीएसईच्या मुलांना ही योजना लागू नाही. हे पैसे हाती आले, की पहिली धाव त्या रकमेत बसणाऱ्या नव्या लॅपटॉपकडे जाते, आणि नेमक्या त्याच रकमेत ४ जीबी-ईएमएमसीवाली मशिनं बसतात. हुशार मुलाच्या हाती त्याच्या कष्टाच्या बक्षिसातून असं मशीन पडावं, हे मला बघवत नाही.

त्या रकमेत कंपन्यांनी वापरून परत केलेला बिझनेस लॅपटॉप जास्त चांगला मिळतो. लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक ही मशिनं मोठ्या कंपन्या ठोकात घेतात आणि तीन-चार वर्षांनी बदलतात. बिजागरं मजबूत, कीबोर्ड सुंदर, उघडून रॅम-एसएसडी बदलता येणारी बरीच मॉडेलं. मात्र घेताना डोळे उघडे हवेत. पिढी आठवी किंवा पुढची आहे का, हे वर सांगितलं तसं आकड्यावरून बघा. सहाव्या पिढीचा आय५ सुद्धा 'आय५' म्हणूनच विकला जातो.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असताना किती होती, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आता किती उरली. पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरी ६० टक्केच उरली, म्हणजे नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: दुकानातच वाय-फाय जोडून विंडोज नव्यानं बसवून दाखवायला सांगा. सुरुवातीलाच एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव आलं आणि तिचाच ईमेल मागितला गेला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या खात्यात नोंदलेलं आहे. कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला, पासवर्ड असेल तरी तेच.

नवं घेत असाल तर

दुकानात ठरवलं की लगेच पैसे देऊ नका. मॉडेलचा संपूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्या, शेवटच्या दोन-चार अक्षरांसकट. एकाच नावाच्या लॅपटॉपचे पाच-सहा अवतार असतात. एकात आयपीएस, दुसऱ्यात टीएन, एकात स्लॉट, दुसऱ्यात नाही. घरी येऊन त्याच क्रमांकानं कंपनीच्या साइटवर शोधा. ऑनलाइन स्वस्त दिसला तर तिथलाही क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का बघा. जुळला, आणि फरक हजार-दीड हजाराचाच असेल, तर मी दुकानातून घेईन. बिघडल्यावर समोर उभं राहून बोलायला माणूस असतो.

वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की 'कॅरी-इन', हे विचारा. ऑनसाइटमध्ये माणूस घरी येतो, कॅरी-इनमध्ये आपण सर्व्हिस सेंटरला खेटे घालायचे. पडणं, पाणी सांडणं हे साध्या वॉरंटीत येत नाही. ते 'अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज' नावानं वेगळं घ्यावं लागतं, आणि शाळकरी मुलाच्या हाती देताना मी ते घेतेच. बिल जीएसटीचं पक्कं घ्या. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि "बिना बिल के कम कर दूंगा" या मोहात पडलात तर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसाल. बिलावर सीरियल नंबर हवा, तो मशिनीच्या पोटावरच्या नंबराशी तिथल्या तिथे ताडून बघा.

घरी आल्यावर पहिलं अकाउंट उघडताना घाई होते, मूल उतावीळ असतं. पण हे काम स्वतः शेजारी बसून करा. हल्लीच्या बऱ्याच विंडोज ११ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं आत गेलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये साठवली जाते. मुलानं भलत्याच ईमेलवर अकाउंट काढलं आणि पासवर्ड विसरला, तर एखाद्या दुरुस्तीनंतर मशीन ती किल्ली मागतं आणि बारावीचं प्रोजेक्ट आतच अडकून पडतं. तेव्हा अकाउंटला आईचा किंवा वडिलांचा मोबाइल नंबर जोडा, मुलाला त्यावर ॲडमिन नसलेलं वेगळं अकाउंट काढून द्या, आणि ते ४८ आकडे छापून बिलाच्याच फायलीत लावा.